मुळशीची एकजूट व तिचे मोल

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या प्रवाशास मुळशीचा जलाशय अपरिचित नाही. पावसाळा सरल्यावर चोहोंकडच्या हिरव्या डोंगरांचे प्रतिबिंब पोटात घेऊन तो विस्तीर्ण जलसंचय जेव्हा शांतपणे पसरलेला दिसतो, तेव्हा हे निसर्गाचेच लेणे असावे असा भास होतो. परंतु ह्या पाण्याखाली भातखाचरे आहेत, घरांची जोती आहेत, देवळांचे चौथरे आहेत. आणि ह्या पाण्याच्या काठी १९२१ ते १९२४ ह्या काळात एक असा लढा झाला की, धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे उभारलेल्या जगातील अगदी पहिल्या लढ्यांत इतिहासकार त्याची गणना करतात. राजेंद्र व्होरा ह्यांनी ह्या लढ्यावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

ह्या लढ्याची कथा बहुधा पराभवाची कथा म्हणून सांगितली जाते. धरण झाले, गावे बुडाली, सत्याग्रही तुरुंगात गेले, एवढाच तिचा सारांश लोकांच्या स्मरणात उरला आहे. तथापि त्या कथेत एक दुसराही विषय गुंतलेला आहे. निरनिराळ्या जातींची, व्यवसायांची व विचारांची माणसे एका कार्यासाठी एकत्र येतात तेव्हा कोणते मोल निर्माण होते, ते कशाने वाढते आणि कशाने नाहीसे होते, ह्या प्रश्नाचे उत्तर मुळशीच्या खोऱ्याइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मिळते.

प्रथम ते खोरे कसे होते हे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाभोवती वसलेला हा मुलूख म्हणजे बारा मावळांपैकी एका मावळाचा भाग. शिवछत्रपतींच्या सैन्यातील मावळा तो ह्याच डोंगरखोऱ्यांतला. पाऊस येथे इतका कोसळतो की, भाताखेरीज दुसरे पीक सखल जमिनीत घेणे कठीण. आणि भात असा की, मुळशीच्या आंबेमोहोराचा वास पुण्याच्या वाड्यांतील पंगतींना ठाऊक होता. वरकस जमिनीवर नाचणी व वरी, ओढ्याकाठी आंब्याफणसांची झाडे, आणि उन्हाळ्यात पोटासाठी मुंबईची वाट, असे तेथील सर्वसाधारण कुटुंबाचे जीवन होते.

भातशेती हे एकट्याचे काम नव्हे. राब भाजणे, चिखलणी, लावणी ही सर्व कामे पावसाच्या लहरीप्रमाणे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. रोपे तयार झाली आणि हात अपुरे पडले तर वर्षाचे अन्न हातचे गेले. ह्यासाठीच मावळात सावडीची चाल पडली. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू, असा हा व्यवहार. ज्याच्याजवळ एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी वारंगुळा करून औत पुरे करी. एखाद्याचे काम अडले तर सारा गाव इर्जिकीला लोटे. त्याबद्दल पैसा द्यावा लागत नसे, पोटभर जेवण दिले म्हणजे झाले. सुतार, लोहार, कुंभार, महार, न्हावी हे आपापल्या कामाने गावगाडा चालवीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपले बलुते घेत. ह्या व्यवस्थेत उच्चनीचतेचे जाच होते, अस्पृश्यतेचा कलंक होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु एक गोष्ट खरी की, त्या खोऱ्यातील जमिनीची किंमत केवळ मातीची नव्हती. ती ह्या परस्परांच्या श्रमाने, शेजाराने व भरवशाने बनलेली होती.

ह्या चित्राची दुसरी बाजूही आहे. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी गहाणखतांच्या वाटेने पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. जमीन कसणारा मावळा एक, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला मालक दुसराच, असा प्रकार जागोजागी होता. कुळांचे हक्क बहुधा वहिवाटीवर व तोंडी शब्दावर चालत. कुळाला कायद्याचे खरे संरक्षण मिळाले ते पुढे १९३९ व १९४८ च्या कुळकायद्यांनी. ही फट पूर्वीपासून होती. तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष मात्र गेले नव्हते.

आता घाटाखालील मुंबईकडे वळावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, त्याला खर्च फार, आणि धुराने शहराचा जीव गुदमरे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस धरणांत अडवून, तो कोकणाच्या बाजूस खाली सोडून वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते निवर्तले. पण त्यांच्या पुत्रांनी व सहकाऱ्यांनी ती तडीस नेली. १९१० साली पहिली जलविद्युत् कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्र खोऱ्याची योजना आली, व १९१९ साली मुळशीसाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

हेही एक सहकार्यच होते, आणि ते काही लहानसहान नव्हते. पारशी उद्योगपतींची दूरदृष्टी, हिंदी संस्थानिकांचे व व्यापाऱ्यांचे भांडवल, युरोपियन अभियंत्यांचे ज्ञान आणि प्रांतोप्रांतींच्या मजुरांचे कष्ट ह्यांच्या संयोगातून ह्या योजना उभ्या राहिल्या. परक्या भांडवलावर विसंबून न राहता हिंदी पैशाने एवढे मोठे यंत्रकार्य उभारता येते, हा आत्मविश्वास त्यांनी दिला. गिरण्यांना स्वस्त व स्वच्छ शक्ती मिळाली, शहरावरचा धूर कमी झाला, हजारोंना रोजगार लाभला. म्हणूनच मुळशीचा प्रश्न सज्जन व दुर्जन ह्यांच्यातील सोपा झगडा म्हणून मांडता येत नाही. एका बाजूचे सहकार्य दुसऱ्या बाजूच्या सहकार्यावर येऊन आदळले, हे त्याचे खरे स्वरूप होय.

कंपनीच्या बाजूच्या सहकार्यात एक उणीव होती. ज्यांच्या जमिनीवर सारा डोलारा उभा राहावयाचा होता, त्यांना त्यात भागीदार म्हणून स्थान नव्हते. खोऱ्यात मोजणी व चाचणीचे खड्डे सुरू झाले तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना आपल्या शेतात काय चालले आहे ह्याचीही वार्ता नव्हती. १८९४ चा जमीनसंपादन कायदा सरकारच्या हाती होता. त्याच्या सातव्या भागात खाजगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची सोय होती. काम लोकोपयोगी आहे एवढे सरकारने मान्य केले म्हणजे पुरे. मालकास बाजारभाव मिळावयाचा व सक्तीबद्दल त्यावर शेकडा १५ अधिक. मालकाची संमती मात्र कायद्याने मागितलेली नव्हती. पन्नासांवर गावे व सुमारे दहा-अकरा हजार माणसे ह्या तरतुदीच्या कक्षेत आली.

ह्या हिशेबात काय धरले होते आणि काय वगळले होते हे पाहण्यासारखे आहे. जमिनीचा आकार, तिची प्रत, झाडे, घराच्या भिंती व वासे, ह्या सर्वांचे मोल कागदावर येऊ शकत होते. सावडीचे मोल मात्र कोठल्याच रकान्यात बसत नव्हते. वारंगुळ्याचा जोडीदार दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणजे उरलेल्या एका बैलाची किंमत काय राहते? ज्या लोहाराची स्वतःची जमीन नाही पण ज्याचे पोट पाच गावांच्या औतांवर चालते, त्याला भरपाई कशाची? ज्या कुळाने तीन पिढ्या खाचराचे बांध घातले त्याचे नाव दप्तरात नसेल तर पैसा कोणाच्या हाती जाणार? बाजारभावाने जमीन विकत घेता येते, परंतु शेजार विकत घेता येत नाही. आणि मावळ्यांच्या जीवनाचा निम्मा आधार ह्या शेजारावर होता.

असा प्रसंग आला तेव्हा मावळे एकटे राहिले नाहीत. विनायकराव भुस्कुटे ह्या तरुण पत्रकाराने गावोगाव हिंडून लोकांना जागे केले. ह्या लढ्याचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहून ठेवला. पुण्याच्या वृत्तपत्रांनी हा प्रश्न हाती घेतला. ‘काळ’ पत्राने एका पिढीला भारून टाकणारे व त्यापायी १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा भोगलेले शिवरामपंत परांजपे उतारवयात ह्या डोंगरी शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. भोरकडचे तरुण शंकरराव देव, पुण्याचे हरिभाऊ फाटक अशी गांधीजींच्या मार्गाने जाऊ पाहणारी मंडळी आली. आणि आले पांडुरंग महादेव बापट.

बापटांचे चरित्रच मोठे विलक्षण. १८८० साली पारनेर येथे जन्म, डेक्कन कॉलेजात शिक्षण, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस प्रयाण. तेथून बाँबविद्या शिकून परत येणे, भूमिगत होणे, आणि नंतर पारनेरला रस्ते व शौचकूप स्वतःच्या हाताने झाडण्याचे व्रत घेणे. एकाच माणसात क्रांतिकारक, सेवाव्रती व सत्याग्रही असे तिघे एकत्र नांदत होते. मुळशीच्या रणांगणावरच त्यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांकडून मिळाली व ती जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिली.

ह्या मंडळींत एकमत असे फारच थोडे होते. कोणी टिळकांच्या परंपरेतले, कोणी गांधीजींचे नवे अनुयायी, कोणाचा अहिंसेवर पुरा विश्वास तर कोणाचा ती केवळ साधन म्हणून स्वीकार. मावळ्यांना राजकारणातील ह्या वादांशी कर्तव्य नव्हते. त्यांना आपली जमीन हवी होती. शहरच्या लोकांपाशी लेखणी होती, कायद्याचे ज्ञान होते, वृत्तपत्रे होती, सभा भरविण्याची विद्या होती. मावळ्यांपाशी डोंगराची माहिती होती, एकत्र राबण्याची पिढीजात सवय होती, आणि गमावण्यासारखे जे सर्वस्व असते ते होते. प्रत्येकाजवळ जे नव्हते ते दुसऱ्याजवळ होते. जो एकमेकांची नक्कल असतो त्याच्याशी सहकार्य करून बळ दुप्पट होईल. परंतु जो भिन्न असतो त्याच्याशी सहकार्य केल्याने नवीनच बळ निर्माण होते. मुळशीच्या पहिल्या पर्वात ते दिसून आले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी सुमारे १,२०० मावळे, त्यांत बायका व मुलेही, धरणाच्या जागी जमले व कामाच्या ठिकाणी ठाण मांडून बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. मजुरांना काम करता येईना, यंत्रे थांबली. एका बाजूस साम्राज्याचा कायदा व देशातील सर्वांत समर्थ भांडवल, आणि दुसऱ्या बाजूस पंचा नेसलेले शेतकरी व त्यांच्या कारभारणी. तरी काम बंद पडले. अखेर कंपनीने सहा महिने काम तहकूब ठेवण्याचे मान्य केले.

गांधीजींनी त्या महिन्यात ‘यंग इंडिया’तून ह्या प्रश्नावर लिहिले. टाटांच्या घराण्याविषयी आदर ठेवून त्यांनी असे सुचविले की, कायद्याने मिळालेल्या हक्कावर विसंबण्यापेक्षा कंपनीने लोकांशीच विचारविनिमय करावा. आणि एका जरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध योजनेचे लाभ मिळवावयाचे असतील तर त्या लाभांची किंमत काय, असा प्रश्न त्यांनी केला. योजना वाईट आहे असे त्यांनी म्हटले नाही. संमतीवाचून ती चांगली ठरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे सहा महिने मावळ्यांच्या एकजुटीची खरी कसोटी घेणारे ठरले. काम बंद होते तोवर सर्वांचे हित एकच दिसत होते. पण तहकुबीच्या काळात पडद्याआड असलेला प्रश्न समोर आला: लढावयाचे ते कशासाठी? धरण होऊच नये म्हणून, की झाले तर भरपाई चांगली मिळावी म्हणून? कुळाच्या दृष्टीने जमीन गेली म्हणजे सर्व गेले. रोख रकमेतून त्याच्या वाट्याला फारसे येण्याची आशाच नव्हती. सावकाराच्या दृष्टीने जमीन हे गुंतवलेले भांडवल होते. योग्य किंवा त्याहून अधिक भाव मिळाला तर ते भांडवल दुसरीकडे गुंतविण्यास त्याला अडचण नव्हती. दोघेही ‘मुळशीचे जमीनवाले’ ह्या एकाच नावाने ओळखले जात होते, परंतु एकाची जमीन त्याच्या पायाखाली होती व दुसऱ्याची त्याच्या वहीत. पुण्याच्या पुढाऱ्यांमध्येही ह्यावरून दोन तट पडले. एक तट भरपाईची रक्कम वाढवून घेण्याकडे वळला, दुसरा धरणच नको ह्या प्रतिज्ञेवर ठाम राहिला.

डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा काम सुरू झाले आणि सत्याग्रहही. ह्या वेळी सरकार सावध होते. धरपकड झाली, खटले झाले, शिक्षा झाल्या. मावळे व त्यांच्या बायका तुरुंगात गेल्या; शिवरामपंत परांजप्यांना १९२२ साली सहा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या काही कैद्यांना काम कमी केल्याच्या आरोपावरून फटके मारण्यात आले. त्याच तुरुंगात असलेल्या गांधीजींनी ह्या प्रकरणी अधिकाऱ्यांशी रदबदली केली व आपल्या कारावासाच्या आठवणींत त्याची नोंद ठेवली. इकडे खोऱ्यात भरपाईचे पैसे वाटले जाऊ लागले. घराघरांतून कर्ता पुरुष तुरुंगात, शेत पडीक, सावकाराने रक्कम उचललेली, आणि धरणाची भिंत रोज हातभर उंच होत असलेली, अशा अवस्थेत माणसे किती काळ टिकाव धरणार? एकेक गाव ढिला पडत गेला. ह्याबद्दल त्या शेतकऱ्यांना दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. एकजुटीचा भार सर्वांनी सारखा वाहावा अशी व्यवस्था नसली म्हणजे तो अखेर सर्वांत दुर्बळाच्या खांद्यावर येतो व तेथेच ती मोडते.

बापट मात्र मागे हटले नाहीत. पुनःपुन्हा तुरुंगवास भोगून ते पुनःपुन्हा मुळशीस येत राहिले. डिसेंबर १९२४ मध्ये थोड्याशा सोबत्यांसह त्यांनी मजुरांना नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. ह्या वेळी त्यांच्याजवळ शस्त्रेही होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ साली ते सुटले. त्या कृत्यातील धैर्य कोणी नाकारणार नाही. तथापि १९२१ च्या रामनवमीस जेथे १,२०० माणसे बसली होती तेथे साडेतीन वर्षांनी मूठभरच उरली, हीच त्या लढ्याच्या शेवटाची करुण खूण होय. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही: त्या गाडीत बसलेले मजूरही पोटासाठीच आलेले गरीब होते. लढा जोवर लोकांचा होता तोवर त्या मजुरांशी बोलण्यास वाव होता. तो मूठभरांचा झाला तेव्हा तो वावही उरला नाही.

१९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळले व दीड हजार फुटांहून अधिक खाली कोसळून वीज देऊ लागले. जे पाणी मुळेच्या पात्रातून पुण्याकडे गेले असते ते कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरले. ज्या खोऱ्याने हे पाणी दिले त्यातील माणसे मात्र दूरदूर विखुरली गेली. त्यांच्याबरोबर आंबेमोहोराची खाचरे गेली, आणि सावडही गेली. कारण सावड ही गावाबरोबर जगते आणि गाव फुटला म्हणजे मरते.

मुळशीच्या अपयशाचे कारण समजून घेण्यासाठी एक-दोन तुलना उपयोगी पडतील. त्याच सुमारास अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी कॅलिफोर्नियातील हेच हेची नावाच्या रम्य दरीत धरण बांधण्यात आले. १९१३ साली तेथील विधिमंडळाने त्यास मान्यता दिली व १९२३ साली ते पुरे झाले. त्याविरुद्धही मोठे आंदोलन झाले. जॉन म्यूर ह्यांच्यासारखे निसर्गप्रेमी त्यात अग्रभागी होते. तेथे प्रश्न होता वनश्रीच्या सौंदर्याचा, येथे प्रश्न होता माणसांच्या अन्नाचा. दोन्ही ठिकाणी दूरच्या शहराची गरज जवळच्या दरीच्या हितापेक्षा वरचढ ठरली.

दुसरी तुलना अधिक बोधप्रद आहे. गुजरातेतील बारडोली तालुक्यात सरकारने शेतसारा शेकडा २२ नी वाढविला. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले आणि काही महिन्यांत सरकारला नमते घ्यावे लागले. चौकशीअंती ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. बारडोली का जिंकली व मुळशी का हरली? बारडोलीतही पाटीदार होते, कारागीर होते, राणीपरज आदिवासी होते. भिन्नता तेथे कमी नव्हती. परंतु सारावाढीचा बोजा मालकावर होता व तो उतरला तर नुकसान कोणाचेच नव्हते. शिवाय जप्त जमिनी विकत घेणाऱ्यांवर व सारा भरणाऱ्यांवर साऱ्या समाजाचे नैतिक दडपण होते. मुळशीत ज्याच्या सहीने भरपाई घेतली जाणार होती, त्याच्यावर असे दडपण आणता आले नाही; कारण तो खोऱ्यात राहतच नव्हता. सहकार्यास भिन्नता बाधक नसते. बाधक असते ती ही गोष्ट की, सौद्याचा लाभ एकास व तोटा दुसऱ्यास व्हावा, आणि सौदा करण्याचा अधिकार मात्र लाभ घेणाऱ्याकडे असावा.

मग मुळशीच्या एकजुटीने काहीच मोल निर्माण केले नाही काय? तसे म्हणता येणार नाही. पहिली गोष्ट ही की, शहरातील सुशिक्षित व खेड्यातील शेतकरी ह्यांनी एका मांडवाखाली बसून, एकाच तुरुंगाची भाकरी खाऊन एकमेकांस ओळखले. त्या काळी पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद ऐन भरात होता. अशा वेळी वाड्यातला संपादक व मावळातला कुणबी एका प्रतिज्ञेने बांधले जावेत ही सामान्य गोष्ट नव्हे. दुसरी गोष्ट ही की, डोंगरातील स्त्रिया उघड सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या, तेही मिठाच्या सत्याग्रहाच्या जवळजवळ एक दशक आधी. तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी विचारलेला प्रश्न. सार्वजनिक हित म्हणजे काय, ते कोणी ठरवावयाचे, आणि ज्याला त्याची किंमत द्यावी लागते त्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी ज्या काळी उच्चारला त्या काळी तो कायद्याच्या भाषेतच नव्हता.

तो कायद्याच्या भाषेत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मध्यंतरी महाराष्ट्रात कोयनेसह अनेक धरणे झाली, हजारो कुटुंबे उठली, आणि धरणग्रस्त हा शब्द मराठीत रूढ झाला. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. भरपाई म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पुढे २०१३ साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला व १ जानेवारी २०१४ पासून १८९४ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असेल तर जमीनधारक कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची पूर्वसंमती हवी, आणि प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल ह्याची आधी पाहणी व्हावी, असे त्याने ठरविले. बाधित कुटुंब ह्या संज्ञेत कूळ, शेतमजूर व कारागीर ह्यांचाही समावेश झाला. हे सर्व मुळशीमुळे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल; मध्ये कितीतरी चळवळी व कितीतरी माणसांचे श्रम आहेत. परंतु ज्या लोहाराला व कुळाला १९२१ च्या हिशेबात रकाना नव्हता त्यांच्यासाठी अखेर एक रकाना उघडला गेला, एवढे निश्चित.

तरी त्या रकान्यातही एक बारकावा आहे. पुनर्वसनाचा लाभ कुळाला व मजुराला मिळावयाचा, पण संमती विचारली जाते ती मुख्यतः जमीनधारकाला. काही राज्यांनी तर विशिष्ट प्रकल्पांना संमतीच्या व पाहणीच्या अटींतून सूटही देऊन ठेवली आहे. म्हणजे मुळशीच्या एकजुटीला जेथे तडा गेला ती फट शंभर वर्षांनंतरही पुरती बुजलेली नाही.

ह्या सर्व इतिहासातून निघणारा अर्थ कठीण नाही. समाजाची संपत्ती दोन प्रकारची असते. एक वीज, कापड, धान्य अशी मोजता येणारी. दुसरी भरवसा, शेजार व परस्परांचा आधार अशी, जी असताना कोणाच्या ध्यानात येत नाही व गेल्यावर कशानेही भरून येत नाही. पहिली संपत्ती निर्माण करण्यास भिन्नभिन्न लोकांचे सहकार्य लागते हे टाटांच्या योजनेने दाखविले. दुसरी संपत्ती म्हणजे ते सहकार्यच होय, हे मावळ्यांनी दाखविले. पहिलीसाठी दुसरीचा बळी देताना निदान तिचा हिशेब तरी मांडावा, आणि तो मांडण्यास ती ज्यांची आहे त्यांनाच बसवावे, एवढेच मुळशीचे मागणे होते.

सेनापती बापट १९६७ साली निवर्तले. त्यांच्याबरोबर रामनवमीला धरणाच्या जागी बसलेल्या बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशयाचे पाणी खाली जाते तेव्हा काठची जुनी जमीन काही काळ उघडी पडते. मग मृग लागतो, पाऊस कोसळू लागतो, आणि ज्या दिवसांत एके काळी सावडीचे हात खाचरांत उतरत असत, त्याच दिवसांत पाणी पुन्हा वर चढू लागते.